चेंबरचा शिक्का आणि दिवाळीचा लाडू

आमच्या मसाल्यांची पहिली खेप कुवेतला निघायची होती, तेव्हा तिथल्या दुकानदाराने पाठवलेल्या कागदांच्या यादीत ‘सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन’ असे एक नाव होते. माल भारतातच तयार झाला आहे, एवढेच सांगणारे हे प्रमाणपत्र एखादे सरकारी खाते देत असेल, अशी माझी समजूत होती. कस्टमची कामे पाहणाऱ्या आमच्या क्लिअरिंग एजंटने ती दुरुस्त केली आणि ‘ते चेंबरकडून घ्यायचं’ असे सांगून मला कागदांसह तिकडे, म्हणजे व्यापारी-उद्योजकांच्या चेंबर ऑफ कॉमर्स या संस्थेकडे, धाडले. टेबलापलीकडच्या बाईंनी इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट शेजारीशेजारी ठेवली, दोन्हींवरून पेन्सिलीचे टोक फिरवले आणि मान वर न करताच विचारले, “खोकी ११६ का ११८?”

इनव्हॉइसवर ११८ होती आणि पॅकिंग लिस्टवर ११६. कांदा-लसूण मसाल्याच्या दोन खोक्यांतली पाकिटे आदल्या रात्री फुटलेली निघाल्यामुळे आम्ही ती बाजूला काढली होती आणि पॅकिंग लिस्ट नव्याने छापली होती, पण इनव्हॉइस जुनेच राहिले होते. “इथं सापडलं ते बरं झालं, ताई. तिकडच्या कस्टममध्ये सापडलं असतं तर माल आठ-आठ दिवस उन्हात पडून राहतो,” असे म्हणून त्यांनी कागद परत केले. दुसऱ्या दिवशी दुरुस्त कागद घेऊन गेले आणि शिक्का मिळाला. आता हे काम परकीय व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर होते, त्यामुळे पेन्सिलीचे ते टोक दिसत नाही. परंतु सवलतीच्या व्यापार कराराखाली न येणाऱ्या मालाचे हे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार आजही सरकारने नेमलेल्या संस्थांकडे असतो आणि त्यांत ठिकठिकाणची चेंबर्स मोठ्या संख्येने आहेत.

चेंबर म्हणजे नेमके काय, याविषयी आपल्याकडे बराच गोंधळ आहे. माझ्या माहेरी तीन पिढ्यांचा भुसार मालाचा व्यापार असूनही मला लहानपणी बाजार समिती आणि चेंबर यांत फरक वाटत नसे. बाजार समिती ही १९६३ च्या कायद्याखाली चालणारी वैधानिक संस्था असून शेतमालाच्या खरेदी-विक्रीवर तिचे नियंत्रण असते. चेंबर ही मात्र व्यापाऱ्यांनी आणि कारखानदारांनी स्वखुशीने, स्वतःच्या वर्गणीवर चालवलेली संस्था आहे. तिच्या हाती कोणताही कायदा नाही आणि सभासद न होता धंदा करणाऱ्याला ती अडवू शकत नाही. जर्मनीसारख्या देशात उद्योगाला स्थानिक चेंबरचे सभासदत्व कायद्यानेच घ्यावे लागते. आपल्याकडे तसे नसल्यामुळे इथल्या चेंबरला दरवर्षी नव्याने आपली उपयुक्तता पटवून द्यावी लागते, आणि तेच बरे आहे, असे मला वाटते.

इतिहास थोडक्यात सांगायचा तर बॉम्बे चेंबर १८३६ चे आहे, आणि ते मुख्यतः मुंबईतल्या युरोपीय व्यापाऱ्यांचे होते. भारतीय व्यापाऱ्यांनी १९०७ मध्ये मुंबईत आपले स्वतंत्र इंडियन मर्चंट्स चेंबर काढले. गोव्यात पोर्तुगीज अमदानीतच, १९०८ मध्ये, व्यापाऱ्यांची संघटना उभी राहिली. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर स्थापन झाले, आणि १९३४ मध्ये आ. रा. भट यांनी पुण्यात मराठा चेंबरची मुहूर्तमेढ रोवली. या नावातला ‘मराठा’ हा शब्द जातिवाचक नसून प्रदेशवाचक आहे, हे नव्या माणसाला दर वेळी सांगावे लागते. त्या काळी पुणे हे पेन्शनरांचे आणि विद्यार्थ्यांचे गाव म्हणून ओळखले जात होते. तिथे कारखानदारीची भाषा बोलणारी संस्था काढणे, हा मोठाच आशावाद म्हटला पाहिजे.

पुण्यात आज दोन वेगवेगळ्या चेंबर्सची नावे कानावर येतात आणि बाहेरगावचा माणूस त्यांची हमखास सरमिसळ करतो. मराठा चेंबर हे प्रामुख्याने उद्योगांचे, आणि दि पूना मर्चंट्स चेंबर हे मार्केट यार्डातल्या धान्य, गूळ, किराणा अशा घाऊक व्यापाऱ्यांचे. माझे वडील दुसऱ्याचे सभासद आणि मी पहिल्याची. त्यामुळे जेवणाच्या ताटावर आमच्या घरात दोन्ही बाजू ऐकायला मिळतात.

मराठा चेंबरकडून मला सर्वांत जास्त काय मिळाले असेल, तर ती वेळेवर मिळालेली माहिती. आयकर कायद्यातल्या कलम ४३ब मध्ये भर घातली गेली आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून असा नियम आला की, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा करता येणार नाही. पैसे प्रत्यक्ष ज्या वर्षी दिले जातील त्या वर्षीच तो धरला जाईल. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, आणि करार नसेल तर १५ दिवस, अशी ही मुदत आहे. हे सारे मी वर्तमानपत्रात वाचले होते आणि मनातल्या मनात खूशही झाले होते. पुढे एका सत्रात सनदी लेखापालांनी हाच विषय उलगडून सांगितला, तेव्हा तीन गोष्टी कळल्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर या नियमाचा मला काहीही उपयोग नाही. नियमाचा लाभ उत्पादक आणि सेवा देणारे यांना आहे, निव्वळ व्यापाऱ्याला नाही, म्हणजे वडिलांना तो नाही. आणि तिसरी, जिच्याबद्दल सभागृहात सर्वांत जास्त कुजबुज झाली ती अशी की, मोठा ग्राहक या नियमाला कंटाळून लघु उद्योगाऐवजी, हा नियम ज्याला लागू नाही अशा मध्यम उद्योगाकडून माल घेऊ लागेल. माझ्या शेजारी बसलेल्या, फाउंड्रीला पॅटर्न करून देणाऱ्या गृहस्थांनी वहीत फक्त एवढेच लिहिले होते: ‘बिलावर उद्यम नंबर छापणे.’ घरी येऊन मीही पहिले काम तेच केले.

चेंबरचे दुसरे काम सरकारदरबारी गाऱ्हाणे मांडण्याचे, आणि तिथे माझे मत वडिलांशी पूर्णपणे जुळत नाही. पुण्यात १ एप्रिल २०१३ पासून जकात जाऊन स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. नाक्यावर ट्रक अडवून घेतली जाणारी जकात गेली याचा आनंद व्हायला हवा होता. पण नव्या करात हिशेब तपासायला महापालिकेचा माणूस दुकानात येणार, ही धास्ती व्यापाऱ्यांना जकातीपेक्षा मोठी वाटली. राज्यभर बंद झाले. आमच्या गाळ्याचे शटर खाली होते आणि वडील रोज सकाळी नेहमीच्या वेळी आंघोळ करून, टोपी घालून, कुठेही न जाता ओसरीवर बसत, हे मला स्पष्ट आठवते. पुढे १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आत उलाढाल असणाऱ्यांसाठी हा कर रद्द झाला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. वडिलांच्या मते हा व्यापाऱ्यांच्या एकीचा विजय होता. बंदच्या त्या दिवसांत यार्डातल्या हमालांची आणि तोलणारांची मजुरी बुडाली, हे मात्र त्यांच्या विजयाच्या हिशेबात कधी येत नाही. जुलै २०२२ मध्ये पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के जीएसटी लागला, तेव्हाही एक दिवस बाजार बंद राहिले, आणि तेव्हाही आमचा हाच वाद झाला.

आता लाडवांकडे वळते, कारण सर्वसामान्य पुणेकराला चेंबर हा शब्द माहीत असतो तो त्यांच्यामुळेच. पूना मर्चंट्स चेंबर दर दिवाळीला ना नफा ना तोटा तत्त्वावर लाडू आणि चिवडा तयार करून शहरातल्या निरनिराळ्या केंद्रांवर विकते. ही प्रथा कित्येक वर्षांची आहे. दिवाळीपूर्वी भट्ट्या पेटतात, शेकडो हात कामाला लागतात, आणि काही दिवसांत जो माल तयार होतो, तो एखाद्या हलवायाच्या कल्पनेपलीकडचा असतो.

यात दानधर्म किती आणि व्यापार किती, हे पाहण्यासारखे आहे. डाळ, साखर, पोहे, शेंगदाणे, तेल या साऱ्या सभासदांच्या रोजच्या व्यवहारातल्याच वस्तू. कोणती डाळ यंदा चांगली उतरली आहे आणि साखरेचा सौदा कधी करावा, हे त्यांना बाहेरच्या कोणाहीपेक्षा आधी कळते. दुकानाचे भाडे नाही, मधला दलाल नाही, जाहिरात नाही, आणि देखरेख करणारे सभासद आपल्या वेळेचे पैसे लावत नाहीत. उरतो तो माल, मजुरी आणि जळण यांचा खर्च. म्हणजे त्यांनी दिलेली देणगी पैशांची कमी आणि जाणकारीची जास्त आहे. शिवाय चेंबरचा दर एकदा जाहीर झाला की, किलोभर लाडवाला खरोखर किती खर्च येतो, हे गावाला कळते, आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट भाव लावणाऱ्याला ग्राहक निदान कारण तरी विचारू लागतो. मोठ्या भाषणांपेक्षा हे ग्राहक-प्रबोधन मला अधिक पटते.

त्याची दुसरी बाजूही आहे. आमच्या सोसायटीतल्या एक काकू दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतात. त्या पाच किलोंनी डाळ घेतात आणि चेंबर ट्रकांनी घेते. मग त्यांचा लाडू त्या भावात कसा बसणार? “तुमच्या चेंबरमुळं लोक माझ्याशी घासाघीस करतात गं,” असे त्या मला दर वर्षी ऐकवतात. त्यांना द्यायला माझ्याजवळ उत्तर नाही. त्यांचे गिऱ्हाईक निराळे, घरच्या चवीसाठी जास्त पैसे मोजणारे आहे, असे मी म्हणते खरी, पण ते अर्धेच खरे आहे. घरगुती फराळ करणाऱ्या अशा बायकांना चेंबरने आपल्या घाऊक भावाने डाळ-साखर मिळवून दिली, तर तो उपक्रम लाडवांच्याही पुढचा ठरेल, असे मात्र मला मनापासून वाटते.

जाता जाता सांगितले पाहिजे की, पुण्याला परवडणाऱ्या दरात खाऊ घालण्याचा मान एकट्या व्यापाऱ्यांचा नाही. ज्यांच्या पाठीवरून हा सगळा माल उतरतो, त्या हमालांच्या संघटनेने, हमाल पंचायतीने, ‘कष्टाची भाकर’ ही केंद्रे सुरू केली आणि कष्टकऱ्याला पोटभर, स्वस्त जेवण रोजच्या रोज दिले. लाडू दिवाळीपुरते असतात. आषाढात दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, तेव्हाही नाना पेठ आणि भवानी पेठ या जुन्या व्यापारी पेठांत वारकऱ्यांच्या पंगती उठतात. तिथे मात्र चेंबर, मंडळ, एकेकटे दुकानदार आणि हमाल यांतले कोणाचे वाढपी कोणते, हे ओळखू येत नाही.

कोरोनाच्या काळात मराठा चेंबरने उद्योग, प्रशासन आणि डॉक्टर यांना एका व्यासपीठावर आणले आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ‘मिशन वायू’ या मोहिमेतून परदेशातून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून प्राणवायू वेगळा काढणारी यंत्रे, आणवून ठिकठिकाणच्या रुग्णालयांना पोहोचवले. याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणाकडे कोणते यंत्र आहे, ते कोण पाठवू शकेल आणि कस्टममधून कोण सोडवून आणील, हे ज्यांना एका फोनवर कळू शकत होते, त्यांच्याच हातून ते होणार होते, एवढेच मी म्हणेन. ११६ आणि ११८ यांतला फरक ओळखणाऱ्या टेबलांचा असाही उपयोग होतो.

सगळीकडे असे चित्र नाही. माझ्या सासरच्या तालुक्याच्या गावी व्यापाऱ्यांची एक संघटना आहे. तिचे अस्तित्व वर्षातून दोनदा, शुभेच्छांच्या फलकांवर जाणवते. पदाधिकारी वर्षानुवर्षे तेच, सभेचे इतिवृत्त कोणी पाहिलेले नाही, आणि मी मसाल्याचे युनिट तिथे काढायच्या विचारात असताना पाणी, वीज आणि अन्न परवान्याबद्दल विचारायला गेले, तर ‘मिस्टरांना पाठवा’ असे उत्तर मिळाले. युनिट पुण्याजवळ निघाले, ते या एका वाक्यामुळे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण त्या वाक्याचा त्यात वाटा नक्की होता. अशा गावाला चांगले चेंबर असते, तर तिथल्या दहा-बारा बायकांच्या हातांना काम मिळाले असते. पुण्यातल्या सत्रांनाही बायका मोजक्याच असतात, आणि पहिल्या रांगेत तर क्वचितच. पण निदान नवऱ्याची चौकशी कोणी करत नाही.

मागच्या दिवाळीत आई नेहमीप्रमाणे वडिलांकडे पैसे मागून केंद्रावरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. वडील सभासद असताना रांगेत कशाला, असे मी विचारले, तर “सभासदाच्या बायकोनंच रांग मोडली तर बाकीच्यांनी काय करावं?” असे तिने मलाच विचारले. घरी आल्यावर तिने लाडवांचे पाकीट आमच्या मसाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले, आकडा स्थिर होईपर्यंत चष्मा सावरत थांबली, मग पाकीट फोडून पहिला लाडू देवापुढे ठेवला आणि दुसरा वडिलांच्या हातावर.