तुम्ही विचारलंत म्हणून: कोडमध्ये एवढे चेक, म्हणजे तपासण्या, कशाला लावतेस?

कोड रिव्ह्यूत हा प्रश्न येतोच, नवीन पोरं तर डबा खाताना पण विचारतात, ताई प्रत्येक व्हॅल्यूला एवढे चेक कशाला, जावास्क्रिप्टमध्ये `?.` टाकायचं (मग व्हॅल्यू नसली तरी एरर येत नाही), मागे `||` लावून डिफॉल्ट, म्हणजे नसेल तेव्हाची ठरलेली व्हॅल्यू, द्यायचं, संपला विषय. आज एकदाच नीट सांगते.

मी पण हेच करायचे. 2021 मध्ये एका दूध संस्थेचं बिलिंग लिहीत होते, दर दहा दिवसांनी बिल, त्यातून उचलीचा हप्ता कापायचा. जुन्या काही खात्यांत हप्त्याचा रकानाच नव्हता, मग अनडिफाइन्डवर, म्हणजे नसलेल्या व्हॅल्यूवर, टूफिक्स्ड (आकड्याचे दशांश ठरवणारं फंक्शन) चालवलं की टाइपएरर येऊन प्रोग्रॅम थांबायचा आणि बिलं निघेनात. दुसऱ्या दिवशी वाटप. सचिव म्हणाले हप्ता लिहिलेला नसेल तिथे 500 धरा, मी लिहिलं `हप्ता || 500`. एरर गेला, बिलं छापली, घरी जाऊन झोपले.

तिसऱ्या बिलाच्या दिवशी मी तिथेच होते. एक मावशी आल्या, तिन्ही पावत्या पदराच्या गाठीत, एकेक सोडून टेबलावर ठेवल्या. "उचल मी दिवाळीतच फेडली, सायबांनी माझ्यासमोर शून्य केलं, मग हे पाचशे कशाचे?" वहीत शून्य, स्क्रीनवर शून्य, पावतीवर 500. कारण `||` ला शून्य आणि नसलेली व्हॅल्यू सारखीच, डावीकडचं 0 टाकून देतं आणि उजवीकडचं उचलतं. म्हणजे ज्यांनी उचल पूर्ण फेडली नेमकं त्यांचेच पैसे मी कापत होते, तेही तीन-तीन वेळा. अकरा जण निघाले. पैसे पुढच्या बिलात परत दिले, पण तोवर मावशींनी पेंड उधारीवर आणलेली होती, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. टाइपएरर आला असता तर बिल थांबलं असतं, कोणीतरी बघितलं असतं. तो एरर मी स्वतःच बंद केला होता.

हो, `??` तेव्हा होतं, 2020 च्या स्टँडर्डमध्येच आलं, ते फक्त नल (मुद्दाम रिकामी ठेवलेली व्हॅल्यू) आणि अनडिफाइन्डला डिफॉल्ट देतं, शून्याला हात लावत नाही. मला माहीत होतं. सवयीने `||` टाइप केलं, याला माझ्याकडे उत्तर नाही. पण नुसत्या `??` ने पण भागत नाही, फॉर्ममधला रिकामा बॉक्स रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, पाठवतो, `??` ती तशीच जाऊ देतं आणि नंबरमध्ये घातली की तिचा शून्य होतो, म्हणजे न भरलेला हप्ता फेडलेला दिसतो. टाइपस्क्रिप्ट (कुठली व्हॅल्यू कशा प्रकारची ते आधीच लिहून ठेवता येणारं जावास्क्रिप्ट) वापर म्हणता, वापरतेच, पण ते टाइप कंपाइल होताना पुसले जातात, सर्व्हरकडून खरंच काय आलं ते प्रोग्रॅम चालताना बघत नाही. आणि हिशोब बिघडून नॅन (आकडा नाही अशी व्हॅल्यू) झालं तर जेसन, म्हणजे डेटा पाठवायचा मजकूर, बनवताना गुपचूप नल होतं. म्हणून डेटा आत येतो तिथेच मी 'नाहीच', 'रिकामं' आणि 'शून्य' वेगवेगळं तपासते.

तेव्हाची मी म्हणाली असती, एका खात्यासाठी सगळ्या गावाची बिलं अडवणार का? तिचं चूक नव्हतं. म्हणून आता फक्त तेवढं बिल बाजूला काढते आणि यादी सचिवांकडे जाते. पण गेल्या महिन्यात सचिव दोन दिवस बाहेरगावी होते, चार बिलं तशीच पडून राहिली, आणि ती चौघंही काउंटरवर येऊन आमचे पैसे कुठेत म्हणून विचारत होती.