बाबांच्या डोक्याची मागची बाजू

सोमवार, रात्र

दोनदा हात धुतले, तरी नखांत माती आहेच. राहू दे.

आज सुरुवात झाली. लाकडी पाटावर उभी दांडी, तिच्याभोवती वर्तमानपत्राचे बोळे दोऱ्याने करकचून बांधलेले, आणि त्यावर माती. बाबांचं डोकं करायचं ठरवलंय, खऱ्याच्या साधारण दोन तृतीयांश आकाराचं. त्याआधी तासभर नुसती माती मळत होते. सगळा गोळा सारखा ओला, सारखा मऊ झाला पाहिजे, नाहीतर पुढे वाळताना एक भाग आधी आक्रसतो, दुसरा मागे राहतो आणि मधे तडा जातो, असं सरांनी सांगितलं. मनगटं भरून आलीत.

बुधवार

काल नाक छान जमलं होतं. आज ते खरवडून टाकलं.

डोळे फार वर गेले होते. कॅलिपर, म्हणजे दोन वाकड्या पायांचं मोजमापाचं साधन, लावून बाबांचं डोकं मोजलं तेव्हा कळलं, टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीत डोळे जवळजवळ बरोबर मध्यावर असतात. मी ते वरच्या तिसऱ्या हिश्श्यात बसवले होते. बोलताना आपण डोळ्यांकडे, ओठांकडे पाहतो. कपाळाच्या वर काही घडत नाही, म्हणून मन तो भाग परस्पर कापून टाकतं. माझ्या हातांनीही तेच केलं. सर म्हणाले, "चेहऱ्याला इतक्यात हात लावू नका. आधी कवटी होऊ दे."

नाक गेल्याचं वाईट वाटलं, खूपच. त्यात दीड तास गेला होता.

शुक्रवार

आजचं सविस्तर लिहायचं आहे.

मी बाबांचा समोरून काढलेला एक फोटो पुढ्यात ठेवून काम करत होते. सरांनी तो उचलून बाजूला ठेवला आणि फिरता पाट हलकेच वळवला. बाजूने पाहिलं तर माझं डोकं म्हणजे एका छोट्या चेंडूला चिकटवलेला मुखवटा! कपाळापासून मागच्या टोकापर्यंतचं अंतर हनुवटी ते टाळू या उंचीच्या जवळपास येतं, आणि कान त्या अंतराच्या मध्याच्या थोडा मागे असतो. माझ्याकडे कानामागे काहीच नव्हतं.

घरी आले तेव्हा बाबा खिडकीशी वाचत बसले होते. त्यांना म्हटलं, "बाबा, तुम्ही वाचा, मी फक्त मागे उभी राहते." ते बरं म्हणाले आणि पान उलटलं.

अर्धा तास उभी होते. मानेच्या मधोमध एक खोलगट पन्हळ उतरते, तिच्या दोन्ही बाजूंना ताठ स्नायू. त्याखाली एकच आडवी वळी, डावीकडे जास्त खोल. डावा कान उजव्यापेक्षा किंचित खाली. केसांचा भोवरा मध्यावर नाही, उजवीकडे सरकलेला. चष्म्याच्या काडीने कानामागे पाडलेली खाच. हे सगळं मला नवीन वाटत होतं, आणि एकदम आठवलं की नवीन नाही. लहानपणी सायकलवर मी त्यांच्या मागे बसायचे. तेव्हा कितीतरी वेळ माझ्या डोळ्यांसमोर हीच मान असायची, हीच वळी. पुढे मी मोठी झाले, समोर बसून बोलायला लागले आणि ती विसरले.

फ्रेंच शिल्पकार रोदँबद्दल वाचलेलं आज निराळं कळलं. १८६० च्या दशकात, तरुणपणी, त्याने नाक मोडलेल्या माणसाचं डोकं मातीत केलं होतं. कामाच्या जागेत शेकोटीची सोय नव्हती, थंडीत माती गोठली आणि डोक्याचा मागचा भाग तुटून पडला. उरलेला मुखवटाच त्याने पॅरिसच्या सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या अधिकृत कलाप्रदर्शनात, पाठवला आणि तो नाकारला गेला. वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, चेहरा तर वाचला ना! आज तसं वाटत नाही.

रविवार

काल वरची टोपी तारेने कापून डोकं आतून पोकळ केलं. कागदाचे बोळे निघाले, मग लूपने, म्हणजे तारेच्या कडीच्या हत्याराने, कोरत कोरत भिंत दोनेक सेंटिमीटरवर आणली. जाड राहिलेल्या जागी ओल दडून बसते आणि भट्टीत तिची वाफ झाली की तुकडा उडतो. टोपी परत बसवताना दोन्ही कडा ओरखडून त्यांना पातळ चिखल लावला. डावा कान हातात आला, कारण तिथलं फडकं वाळलं होतं. तोही तसाच जोडला.

आज बाबांना दाखवलं. ओठ अजून त्यांचे नाहीत, ते मला माहीत आहे. पण ते समोर थांबलेच नाहीत. पाटाला वळसा घालून मागे गेले, एक हात स्वतःच्या मानेवर ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट मातीच्या वळीवरून फिरवलं.

"इथं नाक टेकवून बसायचीस," म्हणाले. "चढ आला की तुझा श्वास लागायचा इथं."

मी त्यांना सायकलचं काहीच सांगितलं नव्हतं.

बोटाचा ठसा वळीत उमटलाय, डावीकडे. माती अजून चामट आहे, तो सहज पुसता येईल. मी पुसला नाही. वरून ओलं फडकं आणि प्लॅस्टिक घातलंय. उद्यापासून रोज थोडं थोडं उघडायचं, कान सगळ्यात शेवटी.