प्रस्तावक म्हणून काकूची सही

आमच्या घरी निवडणूक आली की सगळ्यात आधी ओसरीतला झोपाळा काढून ठेवायचे. सतरंज्या अंथरायला जागा लागायची. आजोबा इंदूरच्या नगर निगममध्ये पार्षद होते, त्यांच्यानंतर काका. (नगरसेवकाला आमच्याकडे पार्षद म्हणतात, घरात मराठी बोलतानाही तोच शब्द येतो.) मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. कोर्टात दिवसभर हिंदी, घरी मराठी, असं आमच्या तीन पिढ्यांचं चाललंय.

2015 च्या जानेवारीत मतदान झालं, त्यानंतर थेट 2022. मधे मुदत संपली, कोरोना आला, मग ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 10 मे 2022 ला न्यायालयानं आरक्षणाशिवाय निवडणूक घ्या म्हटलं, आणि 18 मे ला, एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या आत ठेवून, ओबीसी आरक्षणाला परवानगी दिली. बाररूममध्ये तेव्हा दुसरा विषयच नव्हता. मग वॉर्डांची सोडत निघाली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला.

त्याच संध्याकाळी काका म्हणाले, "हरकत नाही. फॉर्म तुझ्या काकूचा भरू."

मध्य प्रदेशात हे नवीन नाही. इथे निम्म्या जागा महिलांच्या, पण 'पार्षदपती' हा शब्द पेपरात रोज छापून येतो. बायकोच्या नावाची पाटी, खुर्चीत नवरा. काकू चहाचे कप उचलत होती. ती कप हातात घेऊनच थांबली आणि म्हणाली, "सह्या करायला मला बसवू नका. उभं करायचंच असेल तर हिला करा. ही वाचल्याशिवाय सही करत नाही."

मी रात्रभर झोपले नाही. मला उभं राहायचं होतं, हे मी तोपर्यंत कुणाला बोलले नव्हते. ज्या शहरातून सुमित्राताई महाजन 1989 पासून आठ वेळा लोकसभेत गेल्या, तिथल्या मराठी मुलीला राजकारण परकं वाटत नाही. ताईंनीही कायद्याची पदवी घेतली होती आणि 1984-85 मध्ये त्या याच शहराच्या उपमहापौर होत्या. लहानपणी आम्हाला हे घरात पाढ्यांसारखं पाठ होतं.

काकू नाही म्हणाली तेव्हा काकांच्या पक्षानं तिकीट दुसऱ्या घरात दिलं. मी अपक्ष अर्ज भरायचं ठरवलं. काका त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले.

अर्ज 11 ते 18 जूनच्या दरम्यान भरायचे होते. माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो नो ड्यूजच्या, म्हणजे निगमची काही बाकी नाही अशा दाखल्यानं. मालमत्ता कर भरलेला होता. पण मागच्या खोलीत पूर्वी भाडेकरू राहायचे, तिथल्या नळाचं वेगळं खातं अजून आजोबांच्या नावावर होतं आणि त्यावर कित्येक वर्षांची थकबाकी साचलेली. आजोबा जाऊन चौदा वर्षं झाली. ज्या घरात दोन पार्षद झाले, त्या घराचं पाणी बिल थकलेलं! खातं माझ्या नावावर नाही, त्यामुळे ती बाकी मला लागू होत नाही, असा वाद मला घालता आला असता, आणि बहुधा मी तो जिंकलेही असते. पण पाणी आमच्याच घरानं वापरलं होतं. मी बांगड्यांसाठी ठेवलेले पैसे काढून सगळी बाकी भरली आणि पावती अर्जाला जोडली.

अनामत 5,000 रुपये, महिलांना निम्मी, म्हणजे 2,500. हे सोपं. शपथपत्र मात्र जपून करावं लागतं. गुन्हे, स्थावर, जंगम, कर्ज, शिक्षण, आणि हेच सगळं नवऱ्याचंही. मी दुसऱ्यांची शेकडो शपथपत्रं तयार केली आहेत. पहिल्यांदा स्वतःचं लिहिताना पेन जड झालं. जे नाही तिथे रेघ मारायची नाही, रिकामं सोडायचं नाही, 'निरंक' असं अक्षरात लिहायचं. जिला कुणाला पुढे उभं राहायचं असेल, तिला मी हे आवर्जून सांगेन. छाननीत रिकामी जागा दिसली की विरोधकांना बोलायला जागा मिळते.

प्रस्तावक, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवणारा, वॉर्डातलाच मतदार लागतो. मी विचारायच्या आधीच काकू चष्मा घेऊन आली. तिनं पूर्ण अर्ज वाचला, पहिल्या ओळीपासून. मग सही केली: स्वतःचं नाव, मधे काकांचं नाव, मग आडनाव. शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ बाळबोध अक्षर.

18 तारखेला शनिवार होता. सकाळी राजवाड्यासमोर अहिल्यादेवींच्या पुतळ्याला हार घातला आणि अर्ज भरून आले.

20 जूनला छाननी. माझं नाव पुकारलं आणि एका उमेदवाराच्या माणसानं हरकत घेतली: मतदार यादीत प्रस्तावकाचं नाव वेगळं आहे, सही वेगळ्या नावाची आहे, म्हणजे प्रस्तावक दुसरीच कुणीतरी आहे. माझ्या पोटात गोळा आला. यादीत काकूचं नुसतं नाव आणि आडनाव होतं. हिंदी यादीत पतीचं नाव वेगळ्या रकान्यात असतं. आपल्याकडे ते नावाच्या मधे येऊन बसतं. इंदूरच्या निम्म्या मराठी बायकांच्या कागदांत ही गाठ असते. बँकेत, पेन्शनला, जमिनीच्या कागदांवर, कुठे ना कुठे ती अडकतेच.

मी यादीतला अनुक्रमांक दाखवला, त्याच ओळीतलं पतीचं नाव दाखवलं, काकूचं ओळखपत्र दाखवलं. काकू सोबत आली होतीच. तिला विचारलं, ही सही तुमचीच का? ती शुद्ध हिंदीत म्हणाली, "मेरी है. पढ़कर की है." दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले गेले आणि माझा अर्ज मंजूर झाला. कोर्टात इतके खटले चालवले, पण त्या दहा मिनिटांइतकी मी कधीच घाबरले नव्हते.

22 तारखेला दुपारी तीनपर्यंत माघार घेता येत होती. ते दोन दिवस सगळ्यात वाईट गेले. देवासहून आत्या आली, मामांचे फोन आले, आजोबांचे जुने कार्यकर्ते येऊन बसले. सगळ्यांचा सूर एकच: घराण्याचं नाव दोन ठिकाणी वाटलं जाईल. काकांनी एकदाच विचारलं, "अगं, चाळीस वर्षं पक्षात काढली मी. माझा विचार केलास?" केला होता. म्हणूनच उत्तर द्यायला वेळ लागला. मी म्हटलं, "काका, तुम्ही तुमच्या पक्षाचं काम करा. मला वाईट वाटणार नाही. पण अर्ज काढ म्हणू नका."

23 ला सकाळी खाली आले तर झोपाळा उतरवलेला होता आणि ओसरीत सतरंज्या अंथरलेल्या होत्या. काका पक्षाच्या कचेरीत निघून गेले होते.

प्रचाराचे दिवस भरभर गेले. पाऊस, चिखल, गल्लीच्या तोंडाशी पोहे-जिलबी, पत्रकं हिंदीत आणि मराठीत. म्हाताऱ्या आजींना एकच समजावत होते, की बटणं दोनदा दाबायची, एक महापौरासाठी आणि एक पार्षदासाठी. दहा लाखांवर वस्तीच्या शहरात पार्षदाला खर्चाची मर्यादा 8 लाख 75 हजार होती. माझा खर्च तिच्या जवळपासही गेला नाही. वही काकूनं सांभाळली, रिक्षाच्या भाड्यापर्यंत.

6 जुलैला मतदान, 17 जुलैला नेहरू स्टेडियमवर मोजणी. मी दुसऱ्या क्रमांकावर राहिले. काका दुसऱ्या बाजूच्या मंडपात होते. त्यांच्या पक्षाची सीट निघाली, तरी ते पेढा न खाता माझ्याजवळ आले आणि घरी जाईपर्यंत गाडीत माझ्या शेजारी बसून राहिले. वाईट वाटलं, खूप वाटलं. पुढच्या वेळी पुन्हा अर्ज भरणार आहे.

निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो, हरलेल्यांनीही. तो दिला, आणि त्याच आठवड्यात मागच्या नळाच्या खात्याच्या नामांतरणाचा अर्ज घेऊन बसले. खातं काकूच्या नावावर करायचं ठरलं होतं. तिनं चष्मा लावला, नावाच्या रकान्यापाशी पेन टेकवलं आणि मला विचारलं, "यादीत आहे तसं लिहू, की मी लिहिते तसं?"