वेगळं झाल्यानंतरच्या संध्याकाळी: माझा अनुभव

जोडीदारापासून वेगळं झाल्यावर अंगावर पडणारी कामं माणूस कशीबशी उरकतो. कागदपत्रं, जॉइंट अकाउंट, सामानाची वाटणी, मुलांच्या शाळेतल्या नोंदी, यात दिवस जातो. खरी पंचाईत होते ती संध्याकाळी सात ते दहा आणि रविवारी दुपारनंतर. मुलं त्या आठवड्यात दुसऱ्या घरी असतील तर आणखीच. असं का झालं, कुणाचं चुकलं, मी तेव्हा तसं बोलले नसते तर, हीच उजळणी सुरू होते. यातून मी गेले आहे आणि आता अशाच मंडळींचा गट चालवायला हातभार लावते. माझं मत आता पक्कं आहे: उजळणीला उत्तर सापडत नाही. तिच्यासाठी आठवड्यातला ठरावीक वेळ राखून ठेवावा आणि उरलेल्या वेळात हातांना काम द्यावं.

‘एवढं काय त्यात’ म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. होम्स आणि राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ताणांची जी मोजपट्टी केली, तिच्यात जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण आहेत, घटस्फोटाला ७३, वेगळं राहण्याला ६५ आणि तुरुंगवासाला ६३.

उजळणीसाठी राखलेला वेळ म्हणजे गटाची बैठक. गट सहा ते आठ जणांचा बरा. त्याहून मोठा झाला की गप्प बसणारे गप्पच राहतात, आणि तिघा-चौघांचाच असला तर दोघं आली नाहीत की बैठक मोडते. वेळ दीड तास. प्रत्येकाला सात मिनिटं, तीही टायमर लावून. आठ जणांची छप्पन्न मिनिटं होतात, उरलेल्या वेळात प्रश्न आणि पुढच्या आठवड्याचं ठरवणं. टायमर सुरुवातीला कोरडा वाटतो, पण तो नसला की ज्याची जखम सगळ्यात ताजी तो पाऊण तास बोलतो, बाकीचे मान हलवतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. बोलणाऱ्याने आधीच सांगायचं, ‘फक्त ऐका’ की ‘काही सुचत असेल तर सांगा’. न मागता सल्ला द्यायचा नाही. ‘माझ्या वकिलाने असं केलं’ हे तर नाहीच, कारण प्रत्येकाची केस वेगळी असते आणि ऐकीव सल्ल्यावर केलेल्या सह्या महागात पडतात. इथलं इथेच राहील, फोटो-रेकॉर्डिंग नाही, हे दर बैठकीच्या सुरुवातीला म्हणायचं, जुन्यांसमोरसुद्धा.

गट बिघडतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक, सगळेच नुकते वेगळे झालेले असतात. मग ती तक्रारपेटी होते, आणि घरी जाताना माणूस आला होता त्याहून चिडलेला असतो. निदान दोघं-तिघं दोनेक वर्षं पुढे गेलेली हवीत. त्यांचं नुसतं समोर बसून हसणंही नव्याला पुष्कळ सांगून जातं. दुसरं कारण, गटातल्या दोघांचं एकमेकांत जुळतं. चूक-बरोबर मी म्हणत नाही, पण बाकीच्यांचं मोकळं बोलणं त्या दिवसापासून आटतं. तसं झालं तर दोघांपैकी एकाने दुसऱ्या गटात जावं, हा नियम आधीच सांगून ठेवलेला बरा. आणि जिथे मारहाण किंवा धमक्या आहेत, तिथे गट पुरत नाही. आधी सुरक्षित जागा आणि जाणकार माणूस, बैठका नंतर.

‘मन मोकळं होईपर्यंत डायरी लिही’ हा सल्ला सगळेच देतात. तो सगळ्यांना लागू पडत नाही. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्बारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली नुकत्याच वेगळ्या झालेल्या लोकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. जी माणसं आधीच ‘याचा अर्थ काय’ हे खणत बसलेली होती, त्यांना भावना ओतून लिहिण्याचा उलट त्रास झाला. दिवसभरात काय केलं एवढंच साधं लिहिणाऱ्यांची स्थिती त्यांच्याहून बरी होती. म्हणून आमच्याकडे वही असते ती अशी: काय केलं, किती वाजता, आधी मन कसं होतं आणि नंतर कसं, शून्य ते दहा गुणांत. बस्स.

छंद निवडताना माझ्या तीन अटी. ज्या वेळेला घर खायला उठतं, नेमका त्या वेळेला तो हवा. नवरा-बायकोचा जुना एकत्र छंद नको. आणि मोजदाद किंवा लक्ष मागणारा हवा, कारण नुसतं चालताना डोकं मोकळंच राहतं आणि उजळणी चालू. पोहणं, तबला, सुतारकाम, क्रोशे, गटाने गाणं, काहीही चालेल. एका वेळी एकच घ्या. उत्साहात चार ठिकाणी नाव घातलं की महिन्याभरात चारही सुटतात.

क्रोशेचं उदाहरण देते, कारण घरी एकट्याने जमतं. चार मिलिमीटरची सुई आणि मध्यम जाडीची, फिक्या रंगाची लोकर घ्या. गडद रंगात टाके दिसत नाहीत. २२ साखळ्या घाला, सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब, म्हणजे सुईवर एकदा लोकर गुंडाळून घातलेला उंच टाका. सोडलेल्या तीन साखळ्यांचा एक खांब धरून ओळीत २० होतात. पुढच्या ओळी तीन साखळ्यांनी सुरू करा. तोही खांबच मोजायचा. नवशिक्याचा चौकोन हळूहळू त्रिकोण होतो, कारण ओळीच्या शेवटी त्या तीन साखळ्यांच्या टोकात टाका घालायचा राहतो. म्हणून प्रत्येक ओळ संपली की २० मोजा. कड आवळून आली तर सुरुवातीच्या साखळ्या घट्ट झाल्यात; त्या एक नंबर मोठ्या सुईने घाला. मोजता मोजता भांडण आठवलं तर आकडा चुकतोच, आणि उसवावं लागतं. मला याचा हाच गुण आवडतो.

पहिले काही आठवडे मजा येत नाही. मन लागलं की जाईन, असं म्हणणारा जातच नाही. जायचं आधी, मन नंतर येतं. संशोधक फिलिपा लॅली यांच्या सवयींवरच्या अभ्यासात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यक ६६ होता, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी लागले आणि निम्म्यांना जास्त, आणि माणसामाणसांत १८ ते २५४ इतका फरक होता. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून मोडून टाकू नये. केलेल्या वस्तूचे फोटो ‘त्याने’ किंवा ‘तिने’ पाहावेत म्हणून टाकू मात्र नका. मग संध्याकाळ पुन्हा फोन बघण्यात जाते.

दोन आठवडे सलग झोप नाही, भूक नाही, कशातच रस नाही, असं असेल तर डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटतोय असं कुणी म्हणालं तर टायमर बंद करायचा, त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा हेल्पलाइन गाठून द्यायची.