आउटबोर्ड तापतंय? आधी धार बघा

बामणोली-तापोळ्याकडे शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, जुन्या मोटरबोटीचं आउटबोर्ड (मागे बाहेरून लावलेलं इंजिन) तापलं की आधी ऑइलकडेच बोट दाखवलं जातं. त्याआधी इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची मागून पडणारी बारीक धार बघा. ती थांबली असेल तर इंजिन लगेच बंद करून ती धार सोडणाऱ्या नळीच्या तोंडात पातळ तार घाला. कधी नुसता गाळच निघतो. तरीही धार नाही? मग खालचा गिअरकेस (गिअरची पेटी) उतरवून पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, तपासा. बोट पावसाळाभर उभी राहिली की त्याची पाती वाकलेल्या अवस्थेतच कडक होतात. पातं तुटलं असेल तर तुकडा शोधाच, नाहीतर तो वरच्या वाहिनीत अडकतो. नवा इम्पेलर साबणाचं पाणी लावून, शाफ्टच्या दिशेनेच फिरवत बसवा. गॅस्केटही नवं. साधं ग्रीस नको, रबर फुगतं. किनाऱ्यावर कोरडं इंजिन चालवून बघितलंत, तर हाच नवा इम्पेलर क्षणांत जळेल.