तुम्ही विचारलंत म्हणून: वाशीत पाणी का तुंबत नाही?

जुलै उजाडला की मुंबईच्या नातेवाइकांचा फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्याकडे पाणी कसं तुंबत नाही गं?" अगदीच तुंबत नाही असं नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आमच्या सेक्टरमागे एक तळं आहे. डासांचं डबकं म्हणून लोक नाक मुरडतात, पण तो धारण तलाव आहे. वाशीतली बरीच जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली. सगळीकडे भराव न घालता नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळानं हॉलंडची रीत उचलली: बांध, तळी आणि खाडीच्या तोंडाशी झडपा. भरती चढली की खाडीच्या दाबानं झडपा आपोआप मिटतात आणि पावसाचं पाणी तळ्यात साठतं. लहानपणी बाबांनी मला ओहोटीच्या वेळी तिथे नेलं होतं. जाडजूड लोखंडी झडप आतल्या रेट्यानं हातभर उचलली गेली आणि गढूळ पाणी खाडीकडे धावलं. ना मोटार, ना माणूस. मी बघतच राहिले.

१९६५च्या सुमारास वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रविणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली. शासनानं ती उचलून धरली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. सरकारी कचेऱ्या इकडे येतील आणि त्यांच्यामागून माणसं येतील, असा हिशेब होता. पण मंत्रालय हललं नाही. उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भराव पडत राहिला. इथपर्यंत रेल्वे यायलाही १९९२ उजाडलं. म्हणून मला वाटतं, नेत्यानं आराखडा मंजूर करणं हे निम्मंच काम. स्वतःचं बस्तान हलवायची तयारी हवी, ती तेव्हा दिसली नाही.

आणि जमीन कुणाची गेली? ९५ गावांची. भातशेती, मिठागरं, मासेमारी. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, जानेवारी १९८४ मध्ये उरणमध्ये गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना आली. शहराच्या दूरदृष्टीचं कौतुक करताना ते पाच जण मला विसरता येत नाहीत.

तळ्यात आता गाळ साचलाय, खारफुटी वाढलीय. खारफुटीला हात लावायचा तर परवानग्या लागतात, त्यामुळे गाळ तसाच. पुढच्या अमावास्येला मोठी भरती आहे. झडप नीट मिटते का, ते बघायला मी जाणार आहे.