मांजराचं इन्सुलिन: बाटली घ्यावी, कार्ट्रिज की पेन?

माणसाला रोज वीस-तीस युनिट इन्सुलिन लागणं काही विशेष नाही. चार-साडेचार किलोच्या मांजराला मात्र सुरुवातीला बहुधा एक युनिट सकाळी आणि एक संध्याकाळी, एवढंच लागतं. मेडिकलमधलं सगळं पॅकिंग माणसाच्या मापाचं, आणि खर्चाचा हिशोब चुकतो तो तिथेच.

मांजराच्या मधुमेहासाठी व्हेट पुष्कळदा ग्लार्जिन, म्हणजे सावकाश आणि बराच वेळ काम करणारं इन्सुलिन, लिहून देतात. लँटस हे त्यातलं मूळ नाव. बायोकॉनचं बासालॉग आणि वोक्हार्टचं ग्लॅरिटस हीसुद्धा ग्लार्जिनच. तीव्रता यू-१००, म्हणजे एका मि.लि.मध्ये १०० युनिट. १० मि.लि.च्या बाटलीत १००० युनिट असतात आणि ३ मि.लि.च्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे पेनमध्ये बसणाऱ्या छोट्या नळीत, ३००. वापरून टाकायच्या पेनमध्येही आत तेवढंच, ३०० युनिटचं कार्ट्रिज बसवलेलं असतं.

बाटली मोठी म्हणून स्वस्त, हा समज आधी सोडा. मांजराच्या बाबतीत एका युनिटचा भाव काढण्यात अर्थ नाही. पॅक फोडल्यापासून टाकून देईपर्यंत किती दिवस चाललं, त्याने किंमत भागायची. लेबलप्रमाणे ग्लार्जिन उघडल्यावर २८ दिवस वापरायचं. रोज २ युनिट म्हटलं तर २८ दिवसांत ५६ युनिट लागले. बाटली घेतली तर ९४४ युनिट फुकट गेले, कार्ट्रिज घेतलं तर २४४. चालले दोन्ही तेवढेच दिवस. मग जो नग स्वस्त तो घ्यायचा, आणि तो कार्ट्रिजच असतो.

बाटली परवडायला लागते कधी? एका वेळचा डोस ५ युनिट झाला की २८ दिवसांत २८० युनिट जातात, म्हणजे कार्ट्रिज जेमतेम पुरतं. त्याच्या पुढे बाटलीचा विचार करा. बहुतेक मांजरं तिथवर जातच नाहीत.

उघडलेलं ग्लार्जिन सतत फ्रीजमध्ये राहिलं आणि पाण्यासारखं स्वच्छ दिसत असलं, तर पुष्कळ व्हेट ते २८ दिवसांनंतरही वापरू देतात. हा निर्णय त्यांचा. आपल्या मनाने मुदत वाढवायची नाही. पण ती मिळाली तरी बाटली जिंकत नाही. एका वेळी २ युनिट, म्हणजे रोज ४ धरले तर कार्ट्रिज ७५ दिवसांत संपतं. बाटली संपायला २५० दिवस, आणि तोवर तिच्या रबराला पाचशे टोचे. प्रत्येक टोच्याबरोबर जंतू आत जायची संधी, शिवाय रबराचा बारीक कण इन्सुलिनमध्ये पडायची भीती. आणि हातातून सुटून फुटली की हजार युनिट फरशीवर.

पेन दिसायला सोपं, पण लहान डोसाला त्याचा एक छुपा खर्च आहे. दर वेळी सुई लावल्यावर २ युनिट हवेत सोडून बघायचे असतात, सुईतून थेंब येतो की नाही ते. मांजराला १ युनिट द्यायला ३ खर्ची पडतात. रोजचे ६, म्हणजे ३०० युनिटचं पेन ५० दिवसांत रिकामं. २८ दिवसांनी टाकणारच असाल तर १ युनिटच्या डोसाला याने फरक पडत नाही. मुदत वाढवून मिळाली असेल तर चांगलाच पडतो. ही चाचणी वाचवायची म्हणून टाळू नका. सुईत हवा असली तर एक युनिटच्या डोसातलं बरंचसं इन्सुलिन पोहोचतच नाही, आणि साखर का उतरत नाही म्हणून तुम्ही डोस वाढवत बसता.

दुसरी अडचण अर्ध्या युनिटची. साधं पेन एकेक युनिटने फिरतं. मांजराचा डोस एकावरून दीडवर न्यायचा तर ते उपयोगाचं नाही. अर्ध्या युनिटची पेनं मिळतात, पण कार्ट्रिज त्याच कंपनीचं लागतं. तिसरी अडचण मांजराची. बटण दाबल्यावर सुई दहापर्यंत आकडे मोजून होईतो आत ठेवायची असते. दहा सेकंद गप्प बसणारं मांजर ज्याच्याकडे आहे त्याने पेन जरूर घ्यावं. पेनच्या ४ मि.मी. सुईने दाट केसांच्या मांजराला इंजेक्शन कातडीऐवजी केसांतच जायची शक्यता असते. केस ओले लागले, औषधाचा उग्र वास आला, तरी पुन्हा टोचायचं नाही. किती आत गेलं ते कळत नसतं. एक डोस हुकला तर बिघडत नाही, दुप्पट गेला तर जिवावर बेततं.

म्हणून सगळ्यात कमी खर्चाची जोडी म्हणजे सुटं कार्ट्रिज आणि यू-१०० ची सिरिंज. कंपन्या या वापराची शिफारस करत नाहीत, तेव्हा व्हेटकडून एकदा हाताने करून दाखवून घ्या. कार्ट्रिजचं रबर स्पिरिटने पुसून वाळू द्या. ते उलटं, रबर खाली करून धरा, सुई सरळ खालून आत घाला आणि दट्ट्या सावकाश ओढा. बाटलीत आधी हवा भरतात तशी इथे भरायची नाही. कार्ट्रिजच्या मागच्या टोकाला सरकतं बूच असतं. इन्सुलिन निघेल तसं ते आपोआप पुढे येतं. हवा भरली तर ते मागे ढकललं जातं आणि पुढच्या डोसात बुडबुडे येतात. एकदा सिरिंजने काढायला सुरुवात केलेलं कार्ट्रिज परत पेनमध्ये घालू नका: बूच पुढे गेलेलं असतं, त्याला ढकलणारा पेनचा दांडा मागे राहतो आणि डोस चुकतो.

सिरिंज ०.३ मि.लि.ची, अर्ध्या युनिटच्या खुणांची मागा. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये नसेल तर मागवून घ्या. १ मि.लि.च्या यू-१०० सिरिंजवर रेघा सहसा दोन-दोन युनिटच्या असतात; एक युनिट म्हणजे दोन रेघांमधला अंदाज. सिरिंज पुन्हा वापरून पैसे वाचत नाहीत. सुई बोथट होते, मांजर दुसऱ्या दिवसापासून पलंगाखाली जातं, आणि वापरलेल्या सुईने कार्ट्रिज खराब झालं तर वाचवलेल्या सिरिंजच्या कितीतरी पट पैसे जातात.

आता खरा धोका. आपल्याकडे माणसांसाठी यू-४० च्या, म्हणजे मि.लि.ला ४० युनिटच्या, बाटल्या अजून सर्रास मिळतात आणि त्यांच्या लाल टोपीच्या सिरिंजही. यू-१०० ची टोपी नारिंगी. नारिंगी संपल्या म्हणून लाल दिली आणि तुम्ही ‘एक’च्या रेघेपर्यंत ग्लार्जिन भरलंत, तर मांजराला अडीच युनिट गेले. अडखळत चालणं, डोकं टेकवून पडणं, झटके येणं ही साखर फार खाली गेल्याची लक्षणं. हिरड्यांना मध किंवा ग्लुकोज चोळून तडक व्हेट गाठायचं. उलट चूक झाली, म्हणजे यू-४० इन्सुलिन नारिंगी सिरिंजने भरलं, तर एकाच्या जागी ०.४ युनिटच जातं. सगळ्यात स्वस्त म्हणून यू-४० चं एनपीएच (जुन्या पद्धतीचं, मध्यम वेळ टिकणारं इन्सुलिन) किंवा त्याचं साध्या इन्सुलिनबरोबरचं ३०/७० मिश्रण कुणी सुचवलं तरी घेऊ नका. मांजराच्या अंगात एनपीएचचा असर फार लवकर ओसरतो. टूजिओ हेही ग्लार्जिनच, पण यू-३००. त्याच्या पेनमध्ये सिरिंज कधीच खुपसायची नाही. ‘एक’च्या रेघेवर तीन युनिट येतात.

लहान डोस मोजायला सोपा पडावा म्हणून ग्लार्जिन पातळ करायचं नाही. ते मुद्दाम आम्ल ठेवलेलं असतं; कातडीखाली गेल्यावर आम्लता जाऊन त्याचे सूक्ष्म कण बनतात आणि ते हळूहळू विरघळतात. पाणी घातलंत की ती सगळी रचनाच मोडली.

पाच कार्ट्रिजचा आख्खा डबा सुरुवातीला घेऊ नका, भले तिथे सूट असो. पहिल्या काही महिन्यांत डोस बदलत राहतो, कधी इन्सुलिनच बदलावं लागतं. आणि आहार बदलून वेळेत उपचार सुरू झालेल्या काही मांजरांचं इन्सुलिन काही महिन्यांत सुटतंही. एक वापरात, एक राखीव, एवढं पुरे. राखीव घेताना मुदत बघा, आणि मेडिकलवाल्याने ते फ्रीजमधून काढून दिलं का तेही. घरी २ ते ८ अंशांत, मधल्या कप्प्यात, फ्रीजरच्या झोतापासून लांब ठेवा. बर्फाला चिकटवून आणू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी टाकून द्यायचं.

कार्ट्रिज उघडलेली तारीख त्याच्या खोक्यावर नको, कार्ट्रिजवरच चिकटपट्टी लावून लिहा. खोकं फ्रीजमध्ये कधी आणि कुठे जातं ते कुणालाच सांगता येत नाही.